प्रयागाक्कांची छत्री

टीव्हीचा डबा घ्यायला दुकानात आलेल्या माणसाला प्रयागाक्का कधी 'काय पाहिजे' असं विचारत नसत. हातातलं काम थांबवून त्या आधी विचारत, "टीव्हीपुढं बसतंय कोण?"

माणूस गोंधळायचा. घरात टीव्ही आहे म्हणजे सगळेच बसतात, असं काहीतरी बोलायचा. मग आक्का एकेक करून घरातली माणसं मोजायला लागत. म्हातारं कोणी आहे का, त्याला वाचता येतं का, दिवसभर घरी कोण असतं, रिमोट कुणाच्या हातात असतो. पाच मिनिटांत त्या घराची सगळी व्यवस्था त्यांना कळलेली असायची आणि गिऱ्हाइकाला वाटायचं, आपण चुकून सोयरीक जमवणाऱ्याकडे आलो की काय.

आमचं गाव कनेरगाव नाका. हिंगोलीहून वाशीमला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ढाबे दिसायला लागले की आमचं गाव आलं समजायचं. आक्का शेजारच्या तांड्यावरच्या. नवरा उत्तमराव राठोड यांचं नाक्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे घराघरांवर छत्र्या लागू लागल्या तसं त्यांनी ते काम सुरू केलं. आमच्याकडे डिश अँटेनाला कोणी डिश म्हणत नाही, छत्रीच म्हणतात, आणि सेट-टॉप बॉक्सला डबा. एकदा पत्र्यावरून घसरून उत्तमरावांचा पाय मोडला. पाय बरा झाला, पण मन बसलं. शिडीची दुसरी पायरी चढले की त्यांना घाम फुटायचा. महिनाभर कामं अडून राहिली. मग एके दिवशी आक्कांनी लुगड्यावर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवला, पायात कापडी बूट घातले, खिशात पाना टाकला आणि शिडी लावली. नाक्यावरची निम्मी माणसं चहा सोडून बघायला आली होती म्हणतात. आक्का चढल्या, छत्री बसवली, उतरल्या आणि तिथंच उभं असलेल्या एका ढाबेवाल्याला म्हणाल्या, "तुझ्या ढाब्याची छत्री वाकडी हाय. वरून दिसली. उद्या येते."

तेव्हापासून वर आक्का आणि खाली उत्तमराव अशी जोडी झाली. उत्तमराव घरात टीव्हीपुढे बसून ओरडून सांगायचे, सिग्नल आला, गेला, पिवळा झाला, परत गेला. वरून आक्का विचारायच्या. हे बोलणं मराठीत चालायचं, कारण घरमालकाला कळायला हवं. पण मधूनच दोघं आपल्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सुरू व्हायची आणि आवाज चढायचा, म्हणजे आता छत्रीचं नाही, घरातलं काही चाललंय हे सगळ्या गल्लीला कळायचं. एकदा वरून पाना निसटला आणि खाली बारशासाठी चढवलेल्या वरणाच्या पातेल्यात पडला. तेव्हापासून पाना त्यांच्या मनगटाला सुतळीनं बांधलेला असायचा, बांगड्यांच्या वर.

आक्कांना स्वतःला टीव्हीचं वेड मुळीच नव्हतं. चालू टीव्हीपुढे त्या बसल्या की पाच मिनिटांत डुलक्या घ्यायच्या. त्यांना गंमत वाटायची ती चित्र येईपर्यंत. एकदा आलं की त्यांचं काम झालं.

ढाबेवाले संपतराव मोठे हौशी. त्यांनी घरासाठी सगळ्यात महागाचा डबा मागितला, कार्यक्रम साठवून ठेवणारा, दोनशे बटणांचा रिमोट असलेला. आक्का डबा न घेताच त्यांच्या घरी गेल्या. संपतराव दिवसभर ढाब्यावर, बायको शेतात, मुलं शिकायला वाशीमला. घरात एकटे वडील, ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांनी अधू. आक्कांनी दुसऱ्या दिवशी साधा डबा नेऊन बसवला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून रिमोटला घट्ट मोजा घातला आणि त्याला फक्त तीन भोकं पाडली. एक चालू-बंदचं, एक आवाजाच्या दोन्ही बटणांचं आणि एक चॅनल पुढे नेण्याचं. म्हाताऱ्याचा अंगठा धरून ती तीन भोकं दहा वेळा दाखवली. संपतराव संध्याकाळी आले आणि भडकले. आपण काय मागितलं आणि हे काय आणलं, रबर गुंडाळलेला रिमोट पाहुण्यांपुढे कसा ठेवायचा. आक्का शांतपणे म्हणाल्या, "तुमचे बाप दिवसभर बंद टीव्हीकडं बघून राहिलेत. तुमी पाहुण्यायसाठी दुसरा घ्या." संपतराव घरात गेले. वडील भजन लावून बसले होते आणि आवाज स्वतःच्या हातानं कमी-जास्त करत होते. संपतरावांनी बाहेर येऊन डब्याचे पैसे मोजून दिले. पुढे ट्यूबच्या मोज्याची मागणी इतकी वाढली की नाक्यावरच्या सायकल दुकानदारानं जुन्या ट्यूब फेकणंच बंद केलं.

छत्री बसवून झाली की आक्का तिच्या पाठीवर पेंटनं एक नाव लिहीत. घरमालकाचं नाही, बघणाऱ्याचं. संपतरावांच्या छपरावर वडिलांचं नाव आहे. दुरुस्तीला गेलं की नाव वाचूनच त्यांना आठवायचं, इथं कोण बसतं आणि त्याला काय दिसायला हवं.

दुसरी गोष्ट तांड्यावरच्या दोन भावांची. धाकट्याच्या घरावर चिंचेचं झाड आलेलं, सिग्नल अडायचा. तो झाड तोडायला निघाला. आक्का म्हणाल्या, छत्रीला उंची लागत नाही, मोकळं आभाळ लागतं. मोकळं आभाळ होतं ते थोरल्या भावाच्या अंगणात, शेळ्या बांधायच्या जागेजवळ. पण शेताच्या धुऱ्यावरून भांडण होऊन दोघा भावांचं बोलणं बंद झालेलं, त्याला सात-आठ वर्षं झालेली. आक्का स्वतःच थोरल्याकडे गेल्या, काय बोलल्या ते कोणालाच कळलं नाही, पण त्याच दुपारी धाकट्याची छत्री थोरल्याच्या अंगणात, जमिनीवर, एका दगडी जोत्यावर बसली. आता शेळ्या छत्रीला अंग घासायच्या आणि नेमक्या मालिकेच्या वेळेला चित्र जायचं. मग धाकट्याला थोरल्याच्या घरी हाक मारावी लागायची. पहिल्या दिवशी त्यानं बायकोला पाठवलं. दुसऱ्या दिवशी मुलीला. तिसऱ्या दिवशी घरात कोणीच नव्हतं, तेव्हा तो स्वतः कुडाशी जाऊन म्हणाला, दादा, शेळी हाकल जरा. थोरल्यानं हाकलली. दिवाळीपर्यंत दोन्ही घरं एकाच टीव्हीपुढे बसायला लागली होती. मी एकदा आक्कांना विचारलं, शेळ्यांजवळची जागा तुम्ही मुद्दाम निवडली का. त्या म्हणाल्या, "आभाळ तिथंच मोकळं व्हतं ना." आणि इतक्या जोरात हसल्या की उत्तमरावांच्या हातातली कथिलाची तार खाली पडली.

आता माझ्याकडे येतो, कारण आक्कांची खरी ओळख मला झाली ती मी गावात नव्हतो तेव्हा.

मी मस्कतला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. वडील गेल्यावर आईला मी तिकडे घेऊन गेलो. बायको वैशालीही तिथं नोकरी करते. आई आली तेव्हा पहिले आठ दिवस बरे गेले. मग ती हळूहळू गप्प होत गेली. जेवायला बोलावलं की यायची, विचारलं की उत्तर द्यायची, बाकी खिडकीशी बसून राहायची. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसायची, आणि एसीच्या पेट्या. तब्येत तपासून घेतली, सगळं ठीक होतं. गावाला परत जायचं का विचारलं तर म्हणाली, तिथं तरी कोण हाय. तीन महिने असे गेले. मी प्रयोगशाळेत लोकांच्या रक्तात काय कमी आहे ते शोधायचो आणि घरी माझ्याच आईत काय कमी होतंय ते मला कळत नव्हतं.

घरात टीव्ही होता, पण त्यावर मराठी काही लागत नसे. आम्ही तिला मोबाइलवर मराठी कार्यक्रम लावून द्यायचो. ती थोडा वेळ बघायची, मग मोबाइल पालथा ठेवायची. शेवटी मी छत्री घ्यायचं ठरवलं आणि दुकानात गेलो. केरळचा दुकानदार होता, हिंदी चांगलं बोलायचा. त्यानं माझ्यापुढे तीन डबे ठेवले. पहिला इंटरनेटवर चालणारा, हजारावर वाहिन्या, वर्षाचे पैसे एकदम. दुसरा भारतातून आणलेला, ज्याचा रिचार्ज भारतातल्या कुणाच्या तरी नावावर करायचा. तिसरा साधा, फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांचा, त्यात मराठी मोजकंच. त्यासाठी मोठी छत्री लागणार होती, कारण भारताकडचा सिग्नल तिथं क्षीण येतो. मला पहिलाच घ्यायचा होता. आईला कशाची कमी पडू नये एवढंच डोक्यात होतं. तरी पैसे देण्याआधी मी दुकानातूनच आक्कांना फोन लावला.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, डबे राहू दे, तुझ्या आईला फोन दे. मी म्हटलं, मी दुकानात आहे. त्या म्हणाल्या, मग घरी जा, मी बसून हाय.

मी दुकानदाराला उद्या येतो सांगून घरी गेलो आणि मोबाइल आईच्या हातात दिला. पडद्यावर आक्का दिसताच आईनं पदर सावरला. आक्कांनी ख्यालीखुशाली विचारली आणि मग नेहमीच्या चौकशीला लागल्या. काय बघायला आवडतं. आई म्हणाली, काय बी चालतंय. आक्कांनी ते मान्य केलं नाही. गावी असताना संध्याकाळी काय लागायचं, कोण लावायचं, तुम्ही तेव्हा काय करत बसायच्या. आईनं मोबाइल दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "शेतीचं लागायचं. मिलिंदचे बाबा बघायचे. मी भाकरी करता करता नुसती ऐकायचे. हळदीचा भाव सांगायचे, करडईवर काय फवारायचं ते सांगायचे. मला त्यातलं काय करायचं? पर कानाला बरं वाटायचं."

हे मला माहीत नव्हतं. त्या घरात मी वाढलो होतो.

आक्कांनी विचारलं, मग आता मोबाइलवर का बघत नाही. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, पोरं दमून येतात, त्यांना रोज लावून द्या कसं म्हणायचं.

आईनं फोन मला परत दिला. आक्का मला म्हणाल्या, "मिलिंद, तुझ्या आईला हजार चॅनल काहून पायजेत? तिला कुणाला मागावं लागू नये, असा डबा घे."

इंटरनेटच्या डब्याला सतरा पानं उलटावी लागतात, ते तिला जमणार नाही आणि ती तुला विचारणारही नाही, असं त्यांनी बजावलं. भारतातल्या डब्याबद्दल म्हणाल्या, तो इथल्या पत्त्यासाठी दिलेला असतो, तिकडं नेऊन लावायची परवानगी नसते, आणि उद्या बंद पडला तर तक्रार कुणाकडं करशील. तिसरा घे. बटण दाबलं की लागला पाहिजे. छत्री मात्र चार फुटी घे, तिथं हात आखडू नको.

शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही छत्री बसवायला घेतली. दुकानदार माणूस पाठवायला तयार होता, पण आक्कांनी नको म्हटलं. तू वर जा, म्हणाल्या, आणि खाली टीव्हीपुढं तुझी आई बसंल. मी म्हटलं, वैशाली बसते, तिला पटकन कळेल. त्या म्हणाल्या, "बघणार कोण हाय? मग सांगणार बी तीच."

तर मी गच्चीवर, कानात फोन. आई खाली, वैशालीचा फोन हातात धरून. आणि तिसऱ्या टोकाला कनेरगाव नाक्यावर आक्का, मागं उत्तमरावांचा खोकला. आक्कांनी मला आधी सूर्य कुठून उगवला ते विचारलं. मग समजावून सांगितलं, तू आमच्याहून मावळतीकडं गेला, उपग्रह जागचा हलला नाही, म्हणून तुला आता आमच्यापेक्षा जास्ती उगवतीकडं वळावं लागतंय. मी छत्री दक्षिणेकडून पूर्वेकडे फिरवत गेलो. प्रत्येक वेळी बोटभर हलवायचं आणि भाकर उलथायला लागते तेवढा वेळ थांबायचं, असा हुकूम होता. घाई केली की चित्र निघून जातं आणि आपल्याला कळत पण नाही, म्हणाल्या.

पडद्यावर सिग्नलची एक पट्टी होती. लाल म्हणजे नाही, पिवळी म्हणजे जवळ, हिरवी म्हणजे आलं. आई दर वेळी हळूच म्हणायची, न्हाई. आक्का म्हणायच्या, ऐकू आलं न्हाई. आई थोडं मोठ्यानं म्हणायची, न्हाई. असं वीस-पंचवीस वेळा झालं. तासभर उलटून गेला. ऊन डोक्यावर आलं, माझे हात भरून आले, मी म्हणायला लागलो की दुकानाच्याच माणसाला बोलावू. तेवढ्यात आईचा आवाज आला. "पिवळी झाली. मिलिंद, पुढं गेलास, मागं घे. मागं घे की रे. आणखी जरा. आता हात काढ. हात काढ म्हणते ना."

मी हात काढला. वडील गेल्यापासून माझ्या आईनं मला असं दरडावलं नव्हतं. मी तिथंच गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो. कानात आक्का विचारत होत्या, हिरवी झाली का, सुमनबाई, हिरवी झाली का. आईकडून उत्तर येईना. आक्का म्हणाल्या, खाली जाऊन बघ बाबा.

मी धावत खाली आलो. पट्टी हिरवी होऊन गेली होती आणि चित्र लागलं होतं. टीव्हीवर कुणीतरी बाई करडईची भाजी करून दाखवत होती आणि आई टीव्हीपुढे उभी राहून, कमरेवर हात ठेवून, तिच्याशी भांडत होती. करडईच्या भाजीत कुणी साखर घालतं का. ज्वारीच्या कण्या कुठं गेल्या. लसूण जाळून टाकला. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तोंडावर हात धरून, हसत आणि रडत. फोन सोफ्यावर पडला होता आणि त्यातून आक्का सगळं ऐकत होत्या. मी फोन उचलला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, आता छत्रीच्या मागं तिचं नाव लिही, आणि कोळशानं न्हाई, पेंटनं.

लिहिलं. तिथल्या गच्चीवर पन्नास छत्र्या आहेत, त्यात एकीच्या पाठीवर मराठीत 'सुमनबाई' लिहिलेलं आहे.

त्या दिवसापासून आमच्या घराचं वेळापत्रक बदललं. आई सकाळी उठून स्वतः टीव्ही लावायची. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की भाकरी करायला घ्यायची. वैशालीला आधी वाटलं, उगाच कशाला कष्ट, पण मग तिनं परात आईच्या स्वाधीन केली. इमारतीत आणखी तीन मराठी घरं आहेत हे आम्हाला चार वर्षांत कळलं नव्हतं, ते आईला पंधरा दिवसांत कळलं, कारण टीव्हीचा आवाज जिन्यात जायचा. त्यांच्यातली एक नागपूरची बाई आईची मैत्रीण झाली. आणि दर रविवारी आईचा आक्कांना फोन. हळदीला काय भाव सांगितला, हिंगोलीच्या बाजारात खरा किती मिळाला, हे दोघी पडताळून बघायच्या. आई मस्कतला टीव्ही बघून सांगायची आणि आक्का गावाकडे बाजारातून विचारून आलेल्या असायच्या. दोघींचंही हळदीचं पीक नव्हतं.

मी सुट्टीवर गेलो की नाक्यावर उतरल्यावर आधी आक्कांच्या दुकानात जायचो. एकदा त्यांना म्हटलं, तुम्ही माझी आई मला परत दिली. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या की चार फुटी छत्रीला वारा लई लागतो, बोल्ट दर सहा महिन्यांनी आवळतोस का नाही. मी आवळत नव्हतो. मग अर्धा तास त्यावर ऐकून घ्यावं लागलं.

पुढे मोबाइल स्वस्त झाले, गावात केबलसारखं इंटरनेट आलं आणि छत्रीची कामं कमी होत गेली. उत्तमराव हळहळायचे. आक्कांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. त्या लोकांना मोबाइलही तशाच चौकशा करून घेऊन द्यायला लागल्या. शेवटी दोघंही नांदेडला लेकीकडे राहायला गेली. आईचे फोन अजून चालू आहेत, आता नांदेडच्या हळदीच्या भावावर.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या नांदेडला जायच्या आदल्या वर्षी. सुट्टी संपवून मी परत निघालो होतो. हिंगोलीत एका गल्लीच्या तोंडाशी आमची गाडी अडली, पुढे हळदीची पोती उतरवणारा ट्रक उभा होता. खिडकीतून बघतो तर समोरच्या एका दुमजली घरापुढे सात-आठ मुली उभ्या. ओढण्या कमरेला बांधलेल्या, हातात वह्या. मुलींना वायरमनचं आणि सौर पॅनलचं काम शिकवणारा एक वर्ग तिथं सुरू झाल्याचं आईकडून कळलं होतं, आणि आठवड्यातून दोनदा आक्का तिथं शिकवायला जातात हेही. पहिल्या दिवशी म्हणे त्यांना फळ्यापुढं उभं केलं, तर त्या खडू परत देऊन सगळ्यांना बाहेरच घेऊन गेल्या होत्या.

एक मुलगी शिडीच्या मधोमध जाऊन थांबली होती. पाठीला पॅनलची चौकट बांधलेली. दोन्ही हातांनी वरची पायरी कवटाळलेली. शिडीच्या तळाशी आक्का होत्या, दोन्ही हातांनी शिडी धरून, छाती शिडीला टेकवून. बाकीच्या मुली माना वर करून बघत होत्या.

मुलीनं विचारलं, "मॅडम, खाली बघू का?"

"खाली मी हाय," आक्का म्हणाल्या. "तू वर बघ."

मुलीनं एक पाय उचलला. मग दुसरा.

ट्रक बाजूला झाला आणि ड्रायव्हरनं गाडी पुढे घेतली. हाक मारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते, आणि हाक मारली असती तर त्यांनी मागं वळून पाहिलं असतं, म्हणून मी मारली नाही.